दार बंद!

माझ्या ताईचा आवाज तुम्ही ऐकलाय. घरात शाळेत जाणारं पोर असेल तर ऐकलाच असणार, कानठळ्या बसेपर्यंत. ती फुटबॉलची कार्टून मालिका लागते ना, त्यातला तो बुटका गोलकीपर, कपाळाला पट्टी बांधलेला, सदा भांडायच्या पवित्र्यात उभा? तोच. मूळ नाव परक्या भाषेतलं, जिभेला गाठ पडेल असं. आपल्या भाषेत आणताना ताईनेच त्याचं नाव ठेवलं, कुलूप. समोरून आगीचा लोळ झालेला बॉल येतो, बॉलमागे कधी वाघ धावत असतो, कधी अख्खी समुद्राची लाट, आणि हा पठ्ठ्या नुसते हात पसरून उभा राहतो. मग जमिनीतून एक अवाढव्य दगडी दार वर येतं, बिजागऱ्या करकरतात, आणि कुलूप बेंबीच्या देठापासून ओरडतो, "दार बंद!" बॉल दारावर आपटतो आणि विझतो. पोरं खुर्चीवर उभी राहून नाचतात.

मूळ भाषेत त्या डावाचं नाव हातभर लांब आहे. पण पडद्यावर कुलूपचं तोंड एकदा मोठं उघडतं, मग ओठ मिटतात, मग परत उघडतं, एवढंच. ओठ मिटतात तिथे प, ब, म असलं काहीतरी पाहिजे, नाहीतर बघणाऱ्याला खटकतं. भाषांतर करणारा अर्धा दिवस डोकं खाजवत बसला होता. मास्तर, म्हणजे आमच्या डबिंगचे दिग्दर्शक, वैतागून चहाला निघाले होते. तेवढ्यात काचेपलीकडून ताई म्हणाली, "अहो, दार बंद म्हणते ना सरळ. दारच आहे ते, आणि बंदच करतोय तो." झालं. त्या दिवसापासून गल्लीगल्लीत पोरं "दार बंद!" करत एकमेकांच्या अंगावर पडायला लागली.

मी काचेच्या अलीकडे बसते. रेकॉर्डिंग माझं. आवाज घ्यायचा, कापायचा, चित्रातल्या ओठांवर बसवायचा. मास्तर मला 'कात्री' म्हणतात, कारण वाक्याआधीचा श्वास, आवंढा, ओठांची चुळबुळ, काही म्हणजे काही मी ठेवत नाही. स्वच्छ काम. ताई मला 'छोटी' म्हणते. केस पिकले तरी छोटीच. आम्ही दोघी एकाच घरात राहतो; तिने संसार मांडला नाही, माझा टिकला नाही. आणि टिकला नाही त्यात नवल काय, असं ताई म्हणते, कारण राग माझ्या नाकावर बसलेला असतो आणि तोंडाला कडी नाही.

तर ताईचा आवाज बसला. आम्हाला वाटलं, ओरडून बसला असेल. इतकी वर्षं दगडी दारं लावतेय बाई, बसणार नाही तर काय होईल? मास्तर तर खूश, "कुलूप आता मोठा झाल्यासारखा वाटतो," म्हणाले. गुळण्या झाल्या, मौन झालं, गळ्याला गरम फडकी झाली. बसलेला आवाज काही उठेना. मग डॉक्टरांनी घशात नळी घालून पाहिलं, तुकडा तपासायला पाठवला, आणि एका सकाळी आम्हा दोघींना समोर बसवून सांगितलं की गाठ वाईट आहे. स्वरयंत्र काढावं लागेल. थोडं नाही, पूर्ण. पुढे श्वास गळ्यातल्या भोकातून घ्यायचा. बोलण्यासाठी नंतर एखादं यंत्र वगैरे बघता येईल.

"म्हणजे शिव्यासुद्धा देता येणार नाहीत?" ताईने विचारलं.

डॉक्टर हसले. मला त्या दोघांचाही इतका संताप आला की मी खुर्ची मागे ढकलून उठलेच. ताईने माझा हात धरून खाली बसवलं आणि डॉक्टरांना म्हणाली, "हिच्याकडे लक्ष देऊ नका. यंत्राचा आवाज कसा येतो? मग मला खलनायकाची कामं मिळतील."

ऑपरेशनची तारीख ठरली. आणि घरी येताना रस्त्यातच तिने विषय काढला. मालिकेत चालू असलेल्या स्पर्धेचा शेवटचा सामना अजून आमच्याकडे आलेला नव्हता. चित्र येणार होतं ऑपरेशन होऊन गेल्यावर.

"आपण आधीच घेऊन ठेवू," ताई म्हणाली. "ओरडणं, पडणं, उठणं, सगळं. चित्र आलं की तू बसव."

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं? डॉक्टर काय म्हणाले ऐकलंस ना? घशाला ताण दिलास आणि आतून सूज आली तर श्वास अडकेल. टेबलावर जायच्या आधीच जाशील."

"हळू ओरडेन."

"हळू ओरडेन म्हणे! कुलूप कधी हळू ओरडलाय?"

ती थांबली. रस्त्यात, लोक दोन्ही बाजूंनी जात होते, आणि ती गळ्याला बोट लावून शांतपणे म्हणाली, "छोटे, ही पुढच्या आठवड्यात कचऱ्यात जाणारी वस्तू आहे. ती जपून मी कुणाला देऊ? पुढचे सगळे भाग त्या नव्या पोरीला द्या, चांगली आहे ती, मीच मास्तरांना सांगितलंय. पण हा सामना माझा आहे. तो मला माझ्या आवाजात संपवायचाय."

मी घरापर्यंत तिच्या चार पावलं पुढे तरातरा चालत राहिले. पण दुसऱ्या दिवशी मास्तरांकडून स्टुडिओ मागून घेतला.

स्टुडिओ म्हणजे दोन खोल्या, मध्ये जाड काच. आतल्या खोलीचं दार इतकं जड की खांदा लावून ढकलावं लागतं. रेकॉर्डिंग सुरू असलं की दारावर लाल दिवा लागतो, आणि तो लागलेला असताना दाराला हात लावायचा नाही. आग लागली तरी आधी दिवा बंद करा, मग पळा, असं मास्तर नव्या लोकांना सांगतात.

ताई आत उभी राहिली. समोर पडदा काळाच. आयुष्यात पहिल्यांदा ती चित्राशिवाय ओरडणार होती. "जिंकला तर," ती म्हणायची आणि जिंकल्याचं ओरडायची. "हरला तर." "पडला तर." "नाकावर बॉल बसला तर." तो आवाज करून स्वतःच हसली आणि हसताना खोकली. मग "दार बंद!" एकदा, दोनदा, वेगवेगळ्या तऱ्हांनी. दमलेलं दार बंद, चिडलेलं दार बंद, रडवेलं दार बंद. घोगरा, चिरलेला आवाज, पण कुलूपच. मी एकामागून एक घेत राहिले.

मग एका ओरडण्यात आवाज मधेच फाटला आणि तिने काचेवर हात टेकला. मान खाली. मी बटण दाबून आत बोलले, "बास. पुरे झालं."

"अजून एक. हरल्याचं नीट नाही आलं."

"ताई, बास म्हटलं ना!"

"शेवटचं."

"मग घाल काय घालायचा तो गोंधळ! मी नाही बसत इथे बघत!" असं ओरडून मी कानांवरचे हेडफोन आपटले आणि तरातरा बाहेर पडले. शेजारच्या चहाच्या खोलीत नळ सोडला आणि त्याच्या आवाजाआड पोटभर रडून घेतलं. तोंड धुतलं, गरम पाणी केलं आणि परत आले. ताई स्टुलावर बसून पाय हलवत होती. पाणी प्यायली आणि म्हणाली, "हं, आलीस? चल, हरू या." तिने हरल्याचं शेवटचं ओरडणं दिलं. चांगलं दिलं. नशीब, सूज आली नाही.

ऑपरेशन झालं. गाठ सगळी निघाली, असं डॉक्टर म्हणाले. ताई घरी आली ती गळ्याला रुमाल बांधून आणि एक लहानशी पांढरी पाटी दोरीने अडकवून. त्यावर लिहायचं, पुसायचं. पाटीवर तिचा वात्रटपणा तसाच होता. पहिल्याच दिवशी लिहिलं, "घरात आता एकटीच भांड."

आणि मी? मी तिच्याकडे बघायचं टाळत होते. खोटं कशाला बोलू, मला बघवत नव्हतं. ती काही सांगायला लागली की तिचे ओठ हलायचे, सवयच ती, आणि त्यातून काही यायचं नाही. मी पटकन म्हणायचे, "लिही ना." आणि पाटीकडे बघायचे. तिच्या गळ्यातून श्वास यायचा जायचा, फुसफुस असा. जन्मभर मी जो आवाज कापत आले, तोच तेवढा उरला होता घरात. भांडी मी मुद्दाम जोरात आपटायचे.

मग शेवटच्या सामन्याचं चित्र आलं.

ताईची ओरडणी मी एकेक करून बसवली. पडण्याचं पडण्याला, उठण्याचं उठण्याला. कुठे ओढून ताणून, कुठे चपखल. नाकावर बॉल बसतो तेसुद्धा होतं, म्हणजे बघा. मास्तर मागे उभे राहून माना डोलावत होते. आणि शेवट आला. बरोबरीत सामना, शेवटची पेनल्टी, समोर दुसऱ्या संघाचा तो चंदेरी केसांचा कप्तान. कुलूप हात पसरतो. दगडी दार जमिनीतून अर्धं वर येतं, तडकतं आणि कोसळतं. धुरळा बसतो. कुलूप नुसता उभा, दोन रिकामे हात घेऊन. कॅमेरा त्याच्या चेहऱ्याजवळ जातो, अगदी जवळ. तो एक लांब श्वास घेतो. मग कुजबुजत एक वाक्य बोलतो. मग बॉल येतो, आग नाही, वाघ नाही, साधा बॉल, आणि हा अंग टाकून तो पोटाशी घट्ट धरतो.

संपलं. ओरडणंच नव्हतं. इतकी ओरडणी साठवली होती आम्ही, आणि जिथे सगळ्यांचं लक्ष असणार तिथे पाहिजे होती एक कुजबुज आणि एक श्वास. दोन्ही माझ्याकडे नव्हतं.

भाषांतरात वाक्य होतं, "आज दार येणार नाही." मास्तर घसा खाकरत म्हणाले, "हे एवढं त्या नव्या मुलीकडून घेऊ. कुजबुज आहे. कुणाला कळणार आहे?"

"मला कळेल," मी म्हटलं. "ताईला कळेल. त्या एका जागेसाठी तिने जीव धोक्यात घातला."

"मग काय करू मी, कात्री? तिचा आवाज कुठून आणू?"

त्यांचं चुकत नव्हतं, म्हणून मला जास्तच राग आला. "उद्यापर्यंत थांबा," एवढं म्हणून मी सगळ्या फाइली परत उघडल्या. काही नाही. नुसती ओरडाओरड, आणि मधल्या सगळ्या जागा मीच साफ केलेल्या, लखलखीत. शेवटची फाइल तेवढी जरा लांबलचक दिसली. तेव्हा लक्षात आलं, त्या दिवशी तावातावाने बाहेर पडताना मी रेकॉर्डिंग बंदच केलं नव्हतं. मी असं कधी करत नाही. मधे बराच वेळ आवाजाची सपाट रेघ होती, सवयीने माझं बोट कापायच्या बटणावर गेलंही, आणि रेघेत मला एक बारीकसा उंचवटा दिसला.

लावून ऐकलं. माझे हेडफोन आपटल्याचा आवाज आतपर्यंत गेला होता, बारीक. मग काहीच नाही. मग ताईचा श्वास, आणि अगदी हळू, कुणी शेजारी बसलंय अशा थाटात, "छोटे... मला भीती वाटतेय."

मग नाक पुसल्याचा आवाज. मग घसा साफ करून तिने एक मजेशीर सूर काढला, म्हणजे मी येईपर्यंत चेहरा नीट झालेला असावा.

गाठ कळल्यापासून ती मला हसवत होती. डॉक्टरांना हसवत होती. आणि मी चिडत होते, आपटत होते, जणू दुखणं मला झालं होतं.

पण बोटं माझी, आणि बोटांना एकच काम येतं. मी 'छोटे' कापून बाजूला ठेवलं आणि उरलेलं कुलूपच्या ओठांवर लावून बघितलं. पहिल्यांदा ओठ मिटलेले, 'म'. मग जरासे उघडून पुन्हा मिटतात, 'भी'. मग शेवटपर्यंत उघडे. तंतोतंत. असा कुलूप मी कधी बघितला नव्हता. मालिकेत एवढी वर्षं तो सगळ्यांना "घाबरता काय!" म्हणत आला होता.

आता हे ताईला विचारल्याशिवाय वापरणं म्हणजे चोरी. मी घरी गेले, तिच्या कानांना हेडफोन लावले आणि काही न सांगता तो तुकडा ऐकवला. 'छोटे'सकट.

तिने डोळे मिटले. हेडफोन काढून मांडीवर ठेवले. मग पाटी घेतली. अक्षरं रागाने तिरकी आली होती. "हे तुला ऐकवायचं नव्हतं."

"मग कुणाला ऐकवायचं होतं? माझंच नाव घेतलंस ना?"

पुसलं. लिहिलं. "तू बाहेर होतीस म्हणून बोलले."

"मला का नाही सांगितलंस गं? मी काय तुला खाल्लं असतं?"

पुसलं. "तू आधीच रडत होतीस. घरी नळ सोडला की ऐकू येत नाही असं वाटतं तुला?"

मला हसू आलं आणि त्यातच रडू फुटलं, भोकाड म्हणतात तसं. ती माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली. जिचं गेलं तीच समजूत काढतेय, आणि मी निर्लज्जासारखी काढून घेतेय. शेवटी मी डोळे पुसले आणि विचारलं, "कुलूपला देऊ का हे? नको म्हणालीस तर आत्ताच्या आत्ता पुसून टाकते. शपथ."

तिने सामन्याचा शेवट बघायला मागितला. मी फोनवर लावून दिला. दार कोसळलं तेव्हा ती पुढे झुकली. रिकामे हात बघितले. दोनदा बघितलं. मग पाटी ओढून घेतली आणि लिहिलं, "दे त्याला. तोही घाबरत असेलच. मीच बोलू दिलं नाही."

मग खाली बारीक अक्षरात, "आधीचा श्वास?"

"नाहीये. सगळे श्वास मी कापले. मी कात्री ना."

तिने माझ्याकडे बघत गळ्यावरच्या रुमालाला बोट लावलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही स्टुडिओत गेलो. मास्तर ताईला बघून उभे राहिले आणि "या" म्हणाले. ताईने पाटी गळ्यातून काढून माझ्या टेबलावर ठेवली, दोरीचा माइकला आवाज होतो म्हणून. आत गेली, तिच्या नेहमीच्या जागी उभी राहिली. मी माइक लावायला गेले. हात सवयीने तिच्या तोंडासमोर गेला. मग मी पेच सैल केला आणि माइक वीतभर खाली घेतला, गळ्यासमोर. तिने रुमाल सोडला. मी पहिल्यांदा नीट बघितलं. एक गोल, लालसर, लहानसं भोक. त्यातून माझी ताई श्वास घेत होती, बस.

बाहेर आले, दार लावलं, लाल दिवा लागला. पडद्यावर दगडी दार कोसळलं. धुरळा बसला. कुलूपचा चेहरा जवळ आला, आणि ताईने श्वास घेतला. खरखरीत, लांब, शेवटाला जरा थरथरलेला. कुलूपची छाती वर गेली तशी तिची गेली. पाठोपाठ तो तुकडा वाजला, "मला भीती वाटतेय," आणि बॉल आला, आणि त्याने तो पोटाशी धरला.

मास्तर चष्मा पुसायला लागले. "घेतलं," मी बटण दाबून आत सांगितलं. "पहिल्याच झटक्यात. ये बाहेर."

ती आली नाही. तिथेच उभी राहून काचेतून माझ्याकडे बघत होती. मग तिचे ओठ हलले. मी सवयीने पाटी शोधली, ती माझ्याच टेबलावर होती, काचेच्या अलीकडे. म्हणून मला तिच्या तोंडाकडे बघावं लागलं. आणि काय मूर्ख बाई मी! इतकी वर्षं ओठांवर आवाज बसवायचं काम करते, आणि घरात तिला म्हणते, "लिही ना."

मी बघितलं. आधी दोन हलक्या हालचाली. छोटे. मग ओठ मिटले. जरा उघडून पुन्हा मिटले. मग उघडेच राहिले. आणि शेवटी एक शब्द जास्तीचा, तो मला दोनदा बघावा लागला. अजून.

मी उठले. "अगं, दिवा चालू आहे!" मास्तर ओरडले. असू दे म्हटलं, खांदा लावून दार ढकललं आणि आत गेले. माइक मधे येत होता, तो बाजूला सारला आणि तिला धरलं. तिचा गरम श्वास माझ्या खांद्याला लागत होता.

"मलाही गं," मी म्हटलं.

ते रेकॉर्ड झालंय. त्यापुढे त्या फाइलमध्ये बराच वेळ आम्हा दोघींचा नुसता श्वास आहे. तो मी कापलेला नाही.